गोमूत्रानं धुतलेला नळ

हे सांगायचं मी आयुष्यभर टाळलं. गप्प बसून नव्हे, बोलून टाळलं. बेळगावात नळकामगारांची संघटना उभी राहिली तेव्हापासून दर मेळाव्यात मला उभं करतात आणि मी तीच गोष्ट सांगतो. तरुणपणी नळकाम शिकवणाऱ्या मास्तरनं मला मैल्याच्या खड्ड्यात उतरायला सांगितलं, मी पान्हा त्याच्या पायाशी टाकला आणि निघून आलो. पोरं टाळ्या वाजवतात. मागच्या मेळाव्यात शाल घातली, नारळ दिला आणि ‘आपल्यातला पहिला बंडखोर’ म्हणून माझ्या नावाचा पुकारा केला.

पान्हा टाकला हे खरं आहे. त्याच्या आधी काय झालं ते मी गिळलं. इतकी वर्षं ते पोटात सडलं. आता ओकतो. ओकारीला वास येतोच, वाचणाऱ्यानं नाक धरावं.

एका वकिलाच्या नव्या बंगल्याचं परसू. राज्य इंग्रजांचं, दुसरी लढाई अजून लागायची होती. सकाळचं कडक ऊन. स्वयंपाकघरातून सोडवून आणलेला लोखंडी पाइप दोन्ही हातांनी तिरका धरून मी उभा आहे. भटजी वरच्या टोकात तांब्यानं गोमूत्र ओततायत. ते आतून गुळगुळत येतं आणि खालच्या टोकातून माझ्या पायांवर पडतं. गंज, जोडाला लावलेलं सफेद्याचं लुकण आणि गोमूत्र यांचा पिवळट लगदा माझ्या बोटांवरून ओघळतो. वकिलीणबाई ओसरीवर पदर नाकाला लावून उभ्या. गोमूत्राचा वास त्यांना खुपत नव्हता. पदर लावला होता फाटकाकडे बघून.

फाटकाबाहेर रस्त्यावर भरमा उभा होता. निपाणीचा. महारवाड्यातला. माझ्याबरोबर नळकाम शिकणारा. मास्तरनं त्याला दोन्ही कान धरायला लावले होते.

“मोठ्यानं,” मास्तर म्हणाला. “आजूबाजूला ऐकू गेलं पाहिजे.”

“म्या पाण्याला शिवलो. माझं चुकलं.”

“आणखी मोठ्यानं.”

“म्या पाण्याला शिवलो! माझं चुकलं!”

शेजारच्या बंगल्यातली माणसं गडग्याला टेकून बघत होती. एक बाई हसत होती. भटजींचा तांब्या रिकामा झाला. त्यांनी दुसरा पाइप आणायला सांगितला. मी आणला.

त्याच नळाचं पाणी त्या घरानं दुपारी प्यायलं. गाईचं मूत त्यांना चाललं.

आता हे कसं घडलं ते सांगतो.

आम्ही बेळगावला लागूनच्या शहापूरचे कोष्टी. घरात माग. गिरणीची लुगडी बाजारात आली तशी आमची लुगडी व्यापारी हातात घेऊन नुसती चाचपायचे आणि परत ठेवायचे. माग बंद राहायला लागला. तेव्हा कोणीतरी सांगितलं, कँपात, लष्कराच्या छावणीत, एक मास्तर फी घेऊन नळकाम शिकवतो. कँपातल्या साहेबांच्या बंगल्यांत नळ होतेच. आता शहरातले पैसेवालेही विहिरीवर पंप बसवून, माडीवर टाकी बांधून घरात नळ घ्यायला लागले होते. शिकलं तर काम मिळेल.

आप्पांना, म्हणजे माझ्या वडलांना, हे पटलं नव्हतं. “लोखंडाला कुठं सूत असतंय रं?” म्हणाले. तरी फी त्यांनीच दिली. एक माग मोडून विकला.

मास्तर लष्कराच्या बांधकामखात्यातून निवृत्त झालेला. खाकी अर्धी चड्डी, पायांत बूट. पत्र्याच्या शेडमध्ये शिकवणी. त्याचं शिकवणं म्हणजे आमच्याकडून फी घ्यायची आणि आम्हालाच बंगल्यांवर फुकट राबवायचं. कामाची मजुरी तो घ्यायचा. आम्ही हे ओळखून होतो. पण हातात कसब येत होतं, म्हणून गप्प.

पहिल्याच दिवशी त्यानं आम्हाला उभं करून जात विचारली. मग वाटणी केली. पाण्याची बाजू आणि मैल्याची बाजू. आम्ही सगळे पाण्याच्या बाजूला. भरमा एकटा मैल्याच्या.

भरमा म्हणाला, “मास्तर, फी पाण्याची घेतलासा आन् शिकवतायसा मैला?”

“तुझ्या हातचं पाणी कोण पिणार रे?” मास्तर म्हणाला. “मैला शीक. त्या धंद्याला मरण नाही.”

सगळे हसले. मीही हसलो. भरमाही हसला, पण त्याचं हसू वेगळं होतं. त्यानं शेडमधला प्रत्येक चेहरा एकदा नीट बघून घेतला.

भरमा काही संत नव्हता. तोंडाळ होता. विड्या ओढायचा. कामात फार हुशार होता असंही नाही, घाईत आटे बिघडवायचा. पण आटे पाडायला ताकद लागते, आणि आटे कापायची डाय फिरवायला मास्तर कायम त्यालाच लावायचा. शेडमधल्या बहुतेक पाइपांचे आटे भरमाच्या हातचे होते. ते पाइप मग बंगल्यांच्या स्वयंपाकघरांत, न्हाणीघरांत, साहेबांकडं, वकिलांकडं, सगळीकडं जायचे. शेडमधला हात कुणाला दिसत नव्हता, म्हणून बाटवत नव्हता.

एकदा डबा खाताना मी त्याला विचारलं, “मैलाच शिकायचा तर फी कशाला भरलास रं?”

तो म्हणाला, “निपाणीला तंबाखूच्या वखारीत काम करतोय. बायको बी. दीसभर तंबाखूची धूळ. घसा वाळून खडखडीत. पाण्याचा माठ समोर असतोय, पर हात लावायचा न्हाय. कोण तरी यील, वरनं ओतील, मग प्यायचं. बायका तासन् तास वाट बगत्यात. आता निपाणीला बी नळ येणार म्हंत्यात. तोटीच म्या बसवली तर मला कोण आडवणार रं? बसवणाऱ्याला शिवू नको म्हंतील?”

मला ते खूळ वाटलं. पण त्याला ते खरंच वाटत होतं. त्यासाठी तो आला होता. मैल्याचं काम संपलं की शेडच्या कोपऱ्यात तुटके पाइप घेऊन पाण्याचे जोड करत बसायचा. मी कधी कधी दाखवायचो.

दाखवायचो, पण माझाच हात चुकत होता. हे नीट समजून घ्या, कारण सगळं त्यावरच आहे.

पाइपाच्या आट्यांवर ताग गुंडाळायचा, वर सफेदा लावायचा आणि मग जोड आवळायचा. ताग जोडाच्या फिरण्याच्या दिशेनंच गुंडाळावा लागतो. तसा गुंडाळला तर आवळताना तो आणखी आत बसतो. उलटा गुंडाळला तर आवळता आवळता पिंजारून बाहेर येतो आणि जोड गळतो. माझी बोटं लहानपणापासून रहाटावर कांड्या भरून वळलेली. हातात धागा आला की ती आपल्याच दिशेनं फिरायची. मी लक्ष ठेवलं की सरळ, लक्ष सुटलं की उलटं. काकती गावची शेतकऱ्याची पोरं शिकायला होती, त्यांच्याकडून ही चूक कधी झाली नाही. ती फक्त आमच्या हाताची चूक.

“कांडी भरतोस काय रे कोष्ट्या?” मास्तर ओरडायचा. “नळ आहे हा. लुगडं विणायचं नाही.” शेवटी त्यानं बजावलं, “आता एक जोड गळू दे, तुला भरमाबरोबर मैल्यात टाकतो.”

मला मागाची आठवण झाली. आप्पांनी मोडलेल्या. मैल्यात गेलो असतो तर शहापुरात तोंड दाखवता आलं नसतं. बायकोच्या माहेरच्यांनी पाणी घेतलं नसतं आमच्याकडं. असं मला तेव्हा वाटत होतं. आज हे लिहिताना किळस येते. भरमा मैल्यात होता याची किळस नव्हती मला. मी जाईन याची होती.

वकिलाच्या बंगल्याचं काम चाललं होतं. दुसऱ्या दिवशी घरभरणी. पाहुणे येऊन उतरले होते. मास्तर घाई करत होता. स्वयंपाकघराच्या भिंतीला भोक पाडलेलं. भरमा बाहेरच्या बाजूला चरात उभा राहून भोकातून पाइप आत सरकवत होता. आत मी. शेवटचा जोड मी केला. बाहेर माजघरात बायका पुरण वाटत होत्या, मला वास येत होता, भूक लागली होती. लक्ष नव्हतं.

टाकीतलं पाणी सोडलं. थोडा वेळ सगळं ठीक. मग जोडातून बारीक चिळकांडी उडाली आणि ती शेजारच्या देवघराच्या कोनाड्यात गेली. समई विझली.

बाई किंचाळल्याच. वकील आले. मास्तर धावत आला. त्यानं पाणी बंद केलं, पान्ह्यानं जोड सोडवला. ताग पिंजारून बाहेर लोंबत होता. उलटा. मास्तरनं तो बोटानं उचलला, बघितला. मग माझ्याकडं बघितलं.

त्याला कळलं होतं. त्या शेडमध्ये तसा ताग एकाच माणसाच्या हातून पडत होता.

“हे कुणी गुंडाळलं?” त्यानं विचारलं. माझ्याकडं बघतच विचारलं.

भिंतीच्या भोकातून भरमाचा अर्धा चेहरा दिसत होता. एक डोळा. काय झालंय ते बघायला तो वाकला होता.

मी म्हणालो, “भरमानं.”

गळतीचा विषय तिथंच संपला. बाईंनी विचारलं, “भरमा कोण?” कोणीतरी सांगितलं. मग बाई खालीच बसल्या. “म्हणजे आतल्या नळाला तो शिवला? ह्या पाण्यात उद्या देवाचा नैवेद्य करायचा होता मी!”

भरमा भोकातून ओरडला, “न्हाय ओ! म्या भाईर हाय. आत पाऊल टाकल्यालं न्हाय. ताग ह्येनं गुंडाळलाय. इच्यारा त्येला. डोळ्यात बगून इच्यारा!”

कुणी विचारलं नाही. वकील म्हणाले, “मास्तर, हे तुम्ही निस्तरा.” मास्तर म्हणाला, “निस्तरतो साहेब.” आणि तो ताग त्यानं चुरगाळून चड्डीच्या खिशात घातला.

मी काय केलं? मी खाली बघितलं. फरशी नवी होती. चकचकीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गोमूत्राचा प्रकार. भरमाला मास्तरनं मुद्दाम बोलावून घेतलं होतं. माफी मागितलीस तर शिकवणीत ठेवीन, म्हणाला होता. म्हणून भरमा आला होता आणि कान धरून उभा होता.

वर जे सांगितलं ते तिथं संपत नाही. मी दुसरा पाइप घेऊन बाहेर आलो तेव्हा मास्तर परत म्हणाला, “अजून एकदा. आणि मग जा.”

भरमानं कान सोडले. हात खाली घेतले. सरळ उभा राहिला आणि आजवर मी कुणाच्या तोंडून ऐकला नाही अशा आवाजात म्हणाला,

“म्या पाण्याला शिवलो.”

एवढंच. पुढचं म्हटलं नाही.

“पुढं?” मास्तर ओरडला.

“पुढं काय न्हाय. शिवलो. तुमच्या घरातल्या समद्या नळाचं आटं म्या पाडल्यात. शेडातच शिवून झालंय समदं. आता गाय आना न्हायतर गायीचा कळप आना.”

मास्तरनं हातातली पाइपाची कांब उगारली. ती भरमाच्या खांद्यावर बसली. आवाज झाला. भरमा डगमगला, पण बसला नाही. माझ्याकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं. रस्त्यानं चालत निघून गेला. मागून कुत्री भुंकत होती आणि भटजी म्हणत होते, “अहो पाइप नीट धरा, सांडतंय.”

मी नीट धरला.

बंड झालं ते हे. ज्याच्यासाठी टाळ्या वाजायला हव्या होत्या ते हे. त्यानं शिकवणी सोडली, फी सोडली, तोटीचं स्वप्न सोडलं, पण ‘माझं चुकलं’ हे दोन शब्द परत म्हटले नाहीत.

माझी प्रसिद्ध गोष्ट त्यानंतरची.

भरमा गेला. त्याच बंगल्याच्या संडासाचं काम अपुरं राहिलं होतं. धुतलेले पाइप परत बसवून होताच मास्तरनं माझ्याकडं बोट केलं. “नडी,” कानडीत म्हणाला, चल म्हणून. “खड्ड्यात उतर. जोड तुला करायचाय.”

मागच्या दारानं गेलो. कालपर्यंत मी त्या घराच्या स्वयंपाकघरात उभा होतो. आता बाई गड्याला म्हणाल्या, “त्याला ह्या अंगानं येऊ देऊ नका. पाणी मागितलं तर वरनं वाढा.” मी पाणी मागितलं. गड्यानं वरनं ओतलं. माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळ गेला. गडी माझ्याच वयाचा, खेड्यातला, आणि अंग चोरून ओतत होता, थेंब त्याच्यावर उडू नये म्हणून.

तेव्हा माझ्या डोक्यात काहीतरी फुटलं. मी समजत होतो की एक रेघ आहे आणि मी तिच्या अलीकडं आहे. रेघ नव्हतीच. मास्तरच्या हातात खडू होता.

मी म्हणालो, “मी उतरणार नाही.”

मास्तर हसला. जवळ आला. हळू आवाजात म्हणाला, “का रे? हात तोच आहे ना? उलटा गुंडाळणारा? सांगू बाईंना?”

“सांगा,” मी म्हणालो. “सगळ्यांना सांगा.”

“कुणाला सांगू?” तो म्हणाला. “गळतीचं कुणाला पडलंय? खरं त्यांना नकोच आहे.” मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “आणि एक ध्यानात ठेव. त्याचं नाव मी घेतलं नाही. मी नुसतं विचारलं.”

मी पान्हा टाकला. तो त्याच्या बुटाशी पडला. मी निघालो.

हेच बंड. माझ्यापुरतं. मला खड्डा दिला तेव्हा आठवलेलं. भरमाला खड्डा दिला तेव्हा मी हसलो होतो. आणि रस्त्यावर आल्यावर मी उजवीकडं वळलो, शहापूरला, घराकडं. बसअड्डा डावीकडं होता. भरमा कदाचित अजून तिथंच निपाणीच्या गाडीला थांबला असेल, हे मला माहीत होतं.

नळकाम मी सोडलं नाही. एका मिस्त्रीच्या हाताखाली राहून हात सुधारला. स्वातंत्र्य यायच्या बेतात होतं तेव्हा निपाणीच्या एका तंबाखूच्या व्यापाऱ्याकडं काम निघालं. वखारीला लागून त्याची कचेरी. कचेरीत नळ बसवायचा होता. मी गेलो.

वखारीचं दार उघडं होतं. आत धूळ इतकी की माणसं सावल्यांसारखी. तंबाखू चाळणं चाललं होतं. दुपारी माणसं पाण्याला बाहेर आली. माठाशी एक म्हातारी बसलेली. एकेकजण येऊन तिच्यापुढं वाकून ओंजळ धरत होता आणि ती वरनं ओतत होती. त्यात भरमा होता. वाळला होता. तोंडाला फडकं बांधलेलं, ते खाली ओढून तो प्यायला.

मी कचेरीच्या पायरीवर तोटी हातात घेऊन बसलो होतो.

त्यानं मला ओळखलं. हसला. “आला व्हय शापुरी? सुताचा माणूस!” माझ्या हातातली तोटी बघितली. “ताग सरळ गुंडाळलास न्हवं?”

“व्हय,” मी म्हणालो.

“मग बेस.”

तो गेला नाही. उभा राहिला. मी बोलावं म्हणून उभा होता, हे मला त्याच्या उभं राहण्यावरून कळत होतं.

“काय काम काडलास?” तो म्हणाला.

“काय न्हाय. हितं कामाला आलतो. भरमा, त्या दिवशी...”

“बोल की.”

आतून मुकादमानं हाक मारली. व्यापारी कचेरीच्या दारात येऊन उभा राहिला होता.

“त्या दिवशी ऊन लई होतं,” मी म्हणालो.

भरमानं माझ्याकडं बघितलं. “व्हय,” म्हणाला. “लई होतं.” फडकं परत नाकावर ओढलं आणि आत गेला.

मी नळ बसवला. कचेरीच्या आत, व्यापाऱ्यानं दाखवला तिथं. एक फाटा बाहेर काढून अंगणात तोटी ठेवा, एवढंही मी म्हटलं नाही. म्हणायला धाडस लागत नव्हतं. एक वाक्य होतं.

पुढं ऐकलं, तो खोकून खोकून गेला.

हे सगळं मी मुलाला सांगितलं. तो म्हणाला, “अण्णा, आता कशाला उकरताय? तुमचंच नाव जाईल.” जाऊ दे. ते नाव माझं नव्हतंच. शाल मी संघटनेच्या कचेरीत परत नेऊन ठेवली आहे. पुढच्या मेळाव्यात मी उभा राहीन आणि हाच मजकूर वाचीन, पहिल्या शब्दापासून. मध्येच कुणी टाळी वाजवली तर थांबेन आणि तिथूनच पुन्हा वाचीन. पहिला बंडखोर म्हणून नाव घ्यायचं तर निपाणीच्या भरमाचं घ्या. माझं नाव दुसऱ्या कारणासाठी घ्या. जातीच्या नावानं कामाची वाटणी करणारा मास्तर आजही दिसतो, आता तो खाकी चड्डी घालत नाही एवढंच. त्याच्या समोर आता मी मान खाली घालणार नाही. म्हातारा आहे, पण जीभ शाबूत आहे.

आणि भरमा, तुला सांगायचं होतं ते हे. ताग मी गुंडाळला होता. मी घाबरलो होतो, पण घाबरलेल्या माणसाला कुठलंही नाव सुचलं असतं. मला तुझंच सुचलं, कारण ते घेतलं की पुढं कुणी काही विचारणार नाही हे मला ठाऊक होतं. चुकून नव्हे, ठाऊक असून घेतलं. हे तुझ्या तोंडावर बोलायचं होतं. तू समोर उभा होतास, हनुवटीवरून पाणी अजून निथळत होतं, आणि मी उन्हाबद्दल बोललो.